उलव्याच्या आभाळातली छोटी वाट

उलव्याला पोचायला आता तीन वाटा झाल्या आहेत. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल धरायची आणि बामणडोंगरी नाहीतर खारकोपरला उतरायचं. मुंबईहून यायचं तर अटल सेतूवरून समुद्र ओलांडायचा. तिसरी वाट २५ डिसेंबर २०२५ला उघडली, ती थेट आभाळातून येते. त्या दिवशी लोकनेते दि. बा. पाटील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमानं ये-जा करू लागली. मी मात्र लोकलनेच गेलो, कारण मला विमानात बसायचं नव्हतं. विमानांच्या खालून फिरायचं होतं.

माझी भाची उलव्यात राहते. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर ती विमान चालवायला शिकली, दोनशे तासांचं उड्डाण पुरं करून तिने व्यावसायिक परवाना मिळवला. फोनवर तिने बजावलं होतं, "मामा, सकाळी लवकर येऊन उपयोग नाही. हिवाळ्यात दहापर्यंत तीन किलोमीटरच्या पलीकडचं दिसत नाही. अकराला गच्चीवर जाऊ." पाहुण्याला जेवायची वेळ सांगतात, हिने दृश्यमानता सांगितली. तेव्हाच ठरवलं, आजचा दिवस हिच्या डोळ्यांनी बघायचा.

अकराला गच्चीवर गेलो तेव्हा धुरकट पडदा वर सरकला होता. उत्तरेला धावपट्टी, ३७०० मीटर लांब. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानचा कडा, आग्नेयेला कर्नाळ्याचा सुळका. पश्चिमेला पाण्यापलीकडे तुर्भ्याची टेकडी. आणि मधे, जिथे बहिणीच्या सासूबाईंनी आयुष्यभर उलव्याचा डोंगर पाहिला, तिथे काहीच नाही. नव्वदेक मीटर उंचीचा तो डोंगर सुरुंग लावून उतरवला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावठाणं उठली. बहिणीचं सासर कोंबडभुज्याचं. आजी गच्चीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "डोंगर गेला नं आभाल मोठं झालं." त्यात तक्रार होती की समाधान, हे मी त्यांना विचारलं नाही. विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते दि. बा. जासईचे, इथून हाकेच्या अंतरावरचे. १९८४च्या जानेवारीत त्यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी या पट्ट्यातले शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. जमिनीवर कुणाचा हक्क, हा प्रश्न या भागाने रक्त देऊन विचारलेला आहे. आभाळावर कुणाचा हक्क, हे माझी भाची विचारते आहे.

"तुला वाटतं आभाळ मोकळं आहे," ती म्हणाली. "मला इथून भिंती दिसतात."

मग तिने त्या भिंती मला दाखवल्या. मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आभाळ म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड: जमिनीलगत लहान घेर, वर जावं तसा मोठा. खालच्या घेरात विमानं चढतात-उतरतात, वरच्या घेरात दूरदूरच्या शहरांतून आलेली विमानं एका रांगेत लावली जातात. या संपूर्ण जागेत नियंत्रकाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आणि मुंबईत अशा दोन उतरंडी शेजारी-शेजारी आल्या आहेत. सांताक्रूझची धावपट्टी आणि ही धावपट्टी यांत सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही नाहीत. उतरायला निघालेलं जेट तेवढं अंतर तीन-साडेतीन मिनिटांत कापतं. त्यामुळे दोन्हींचं येणंजाणं वेगवेगळं आखताच येत नाही. एकाची चढण दुसऱ्याच्या उतारात जाते. त्यात तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र, त्याच्यावरून उडायला बंदी. मलबार हिलवर पारश्यांच्या दोखम्यावरूनही बंदी. ही बंदी श्रद्धेपोटी पाळली जाते, आणि मुंबईच्या आभाळाने हा मान राखला याचा मला आनंद आहे.

आता या सगळ्यात चार आसनांचं सेसना १७२ ठेवून बघा. पूर्ण भरलेलं असताना वजन अकराशे-साडेअकराशे किलो. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. पंखाखालून सगळी मुंबई दिसते, आणि हे विमान चालवायचंच मुळी बघून. दृश्य नियमांनी उडताना वैमानिकाने ढगापासून लांब राहायचं, पुढचं किमान पाच किलोमीटर स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि दुसऱ्याला धडकणार नाही याची पहिली जबाबदारी त्याच्या डोळ्यांची. सूर्य मावळला की, खास परवानगी नसेल तर, हे उड्डाण संपलं. मुंबईच्या हिवाळी धुरक्यात पाच किलोमीटर ही अट किती सकाळी पुरी होते, ते उलव्यातल्या कुणालाही विचारा.

भाचीने सांगितलेलं उड्डाण मी तिच्याच क्रमाने लिहितो, कारण नियम पुस्तकात वाचून कळत नाहीत, ते असे कळतात. प्रशिक्षकाबरोबर धुळ्याहून जुहूला यायचं होतं. निघण्याआधी उड्डाणाचा आराखडा दाखल केला. मग दोन क्रमांक मिळवावे लागतात. एक उड्डाण माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा, म्हणजे हवाई दलाला कळलं पाहिजे की अमुक वेळेला, अमुक दिशेने येणारा रडारवरचा ठिपका आपला आहे. हे क्रमांक हातात नसताना चाक जमिनीवरून उचलायचं नाही. हा जाच वाटू शकतो. पण १९९५च्या डिसेंबरात पुरुलियावर एका परदेशी विमानाने रात्री शस्त्रास्त्रं टाकली, आणि चार-पाच दिवसांनी तेच विमान पुन्हा भारताच्या आभाळात आलं तेव्हा हवाई दलाने त्याला मुंबईतच उतरायला लावलं. अनोळखी ठिपक्याची भीती काल्पनिक नाही.

धुळ्याहून मालेगाव, पुढे नाशिक. ओझरला विमानतळ, देवळालीला तोफखान्याचा सरावाचा मुलूख. दोन्हींपासून ठरल्या अंतराने वळसा. कसाऱ्याला घाट संपतो आणि कोकण खाली उघडतं. "तिथपर्यंत मजा असते," ती म्हणाली. "तिथून पुढे कान लागतात." रेडिओवर मुंबई. एकामागून एक जेट. दुबईहून आलेलं, दिल्लीहून आलेलं, कुणाला उंची कमी करायची आहे, कुणाला वेग. दोन वाक्यांत फट सापडेपर्यंत बटण दाबून धरायचं नाही. मध्येच बोललं तर दोघांचाही आवाज चिरडतो आणि कुणाला तरी मिळालेली उंची ऐकूच येत नाही. तिने फट पाहून आपली खूण, जागा, उंची आणि विनंती एका दमात सांगितली. उत्तर आलं, "स्टँडबाय. रिमेन आउटसाइड कंट्रोल्ड एअरस्पेस."

इथे नवखे वैमानिक चुकतात. अमेरिकेत काही नियंत्रित पट्ट्यांत नियंत्रकाने तुमची खूण उच्चारून उत्तर दिलं की आत जाता येतं. आपल्याकडे उत्तर म्हणजे परवानगी नाही. "क्लिअर्ड" ऐकू येईपर्यंत बाहेरच. तिने कल्याणच्या अलीकडे गिरकी घ्यायला सुरुवात केली. खाली नेवाळीच्या बाजूला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीची जागा. तेलाचा काटा बघायचा, घड्याळ बघायचं, उंची सोडायची नाही, आणि फिरत राहायचं.

"राग येतो का गं?"

"नाही मामा. त्यांची अडचण कळते."

ती अडचण मलाही समजून घ्यायची होती, कारण याच जागी छोट्या विमानांबद्दलची बहुतेक चर्चा उथळ होते. नियंत्रकाला खलनायक करणं सोपं आहे. प्रश्न अंकगणिताचा आहे. जेट ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरतं, सेसना त्याच्या निम्म्याने. दोघांना एका रांगेत लावलं तर सेसनाच्या मागे मोठी पोकळी सोडावी लागते, नाहीतर मागचं जेट त्याच्या अंगावर येतं. पुढे जड विमान असेल तर त्याच्या पंखांच्या टोकांवरून सुटणारे हवेचे भोवरे मागे कित्येक मिनिटं फिरत राहतात. जड विमानाच्या मागे हलक्या विमानाने सहा सागरी मैल राहायचं, ए-३८०च्या मागे आठ. भोवऱ्यात सापडलेलं छोटं विमान पालथं होऊ शकतं. म्हणजे एका सेसनाला आत घेण्यासाठी दोन-तीन जेटांची जागा जाते, आणि त्या जेटांत पाचशे माणसं. खुर्चीवर बसलेल्या माणसाने काय करावं? तो "स्टँडबाय" म्हणतो. त्याच्या जागी मीही तेच म्हणेन.

पण म्हणूनच हा निर्णय प्रत्येक वेळी त्या एका माणसावर सोडणं मला चुकीचं वाटतं. रांगेत जागा नसेल तर रांगेबाहेरची वाट आधीच आखलेली हवी. त्याकडे पुढे येतो.

दुपारचा खारा वारा सुटला तसा विमानांचा मोहरा बदलला. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून आता ती पनवेलच्या अंगाने येऊन पश्चिमेकडे तोंड करून टेकत होती. ११ ऑक्टोबर २०२४ला हवाई दलाचं सी-२९५ या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरलं तेव्हा उलव्यातल्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या, असं बहीण सांगत होती. आता खालच्या रस्त्यावर मान वर करणारे कमी झालेत. शेजारच्या इमारतीत लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा राहतो. ड्रोनसाठी त्याने कर्ज काढलं, आणि आता परवानगीशिवाय ते इथे उडवता येत नाही. इमारतींचे मजलेही विमानतळाच्या उंचीच्या नकाशाने ठरतात. आभाळाच्या भिंती उलव्यात गच्चीपर्यंत खाली आल्या आहेत. फक्त वैमानिकांनाच त्या दिसतात असं राहिलं नाही.

जेवण करून भावोजींच्या गाडीतून आम्ही अटल सेतूवर चढलो. सेतू एकवीस-बावीस किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा पाण्यावर. भाची पुढे बसून डावी-उजवीकडे बोट करत होती: ही घारापुरी, ही तुर्भ्याची बंदी, इथून वर जेटांचा उतार. ओहोटी होती आणि शिवडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. मे २०२४मध्ये रात्री उतरणारं एक विमान घाटकोपरजवळ रोहितांच्या थव्यावर आदळलं आणि जवळपास चाळीस पक्षी मेले. आभाळाचा आराखडा करताना त्यांची ये-जा कुणी विचारात घेतं का, हाही गंभीर प्रश्न आहे, पण तो वेगळ्या लेखाचा.

जुहू विमानतळाच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. आत पवनहंस आणि इतरांची हेलिकॉप्टरं. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी-आणणारी हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं इथूनच उडत आली आहेत. धावपट्टी जेमतेम ११४३ मीटरची. देशातल्या नागरी विमानसेवेची सुरुवात ज्या मैदानावर झाली ते हेच. १९२८ साली ते सुरू झालं, त्याच सुमाराला बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला, आणि फेब्रुवारी १९२९मध्ये जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ला ते कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. एक इंजिन, पस मॉथ जातीचं विमान, ना रेडिओ, ना नियंत्रक. पुढचा मद्रासपर्यंतचा पल्ला नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेला. आजच्या मुंबईतून रोज उडणाऱ्या शेकडो विमानांचं मूळ या एका छोट्या विमानात आहे. १५ ऑक्टोबर १९८२ला, वयाच्या ७८व्या वर्षी, जेआरडींनी जुनं लेपर्ड मॉथ घेऊन तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला आणि जुहूलाच उतरले. हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

सांताक्रूझचा पसारा वाढत गेला तसं जुहूचं आभाळ आक्रसत गेलं. दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ की मोठी विमानंसुद्धा फसली. जुलै १९५३मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि नऊ दिवसांनी तिथून उडालं. सप्टेंबर १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच उतरलं, धावपट्टी संपून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा दाटीत शिकाऊ वैमानिकांना रोज चढउतर करायला जागा कुठून मिळणार? फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनाही ते उडवून बघायला २०२०मध्ये धुळंच गाठावं लागलं. ज्या शहरात विमान शिकायला सुरुवात झाली, त्या शहरातून शिकणं हद्दपार झालं.

कुंपणाशी उभं राहून भाचीने मला एक गोष्ट सांगितली, जी तिला परीक्षेत विचारली होती. रेडिओ बंद पडला तर? तर रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रावर, ट्रान्सपाँडरवर, ७६०० हा संकेत टाकायचा, म्हणजे रडारवर कळतं की हा मुका-बहिरा झालाय. मग मनोऱ्याकडे डोळे लावायचे. तिथून दिव्याचा झोत येतो. स्थिर हिरवा: उतर. स्थिर लाल: दुसऱ्याला वाट दे, फिरत राहा. लुकलुकता लाल: इथे उतरू नकोस. लुकलुकता हिरवा: परत ये, उतरण्यासाठी. शंभर वर्षांत यंत्रं आली-गेली, आणि शेवटचा आधार अजून एक माणूस, एक दिवा आणि समोरच्याची नजर हाच आहे. छोट्या विमानाचा वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात मुळात हा विश्वासाचा व्यवहार आहे. तो टिकवायचा तर नियम दोघांना आधीच स्पष्ट हवेत.

जगात अशा वाटा आखलेल्या आहेत. लॉस एंजेलिसच्या प्रचंड विमानतळाच्या बरोब्बर माथ्यावरून छोटी विमानं ठरलेल्या मार्गाने जातात, एका दिशेला ३५०० फुटांवर, उलट दिशेला ४५०० फुटांवर. ऐकायला धाडस वाटतं, पण विचार केला की पटतं: जेट धावपट्टीच्या दोन टोकांकडे खाली असतात, धावपट्टीच्या मध्यावर साडेतीन हजार फुटांवर कुणीच नसतं. न्यूयॉर्कला हडसन नदीवरून छोट्या विमानांना मार्ग आहे. तिथे ८ ऑगस्ट २००९ला एक पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकून नऊ जण गेले. त्यानंतर मार्ग बंद केला नाही, नियम कडक केले. कुठल्या ठिकाणावर आपली जागा रेडिओवर सांगायची, नुसतं पार जाणाऱ्यांनी कुठल्या थरात उडायचं, वेग किती, दिवे लावलेलेच हवेत. अपघातातून शिकण्याची ही पद्धत मला योग्य वाटते. आपल्याकडे १९९६च्या चरखी दादरीच्या टकरीत ३४९ माणसं गेली, त्यानंतर दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. म्हणजे आपल्यालाही हे करता येतं. फक्त ते टक्कर होण्याआधी करायला हवं.

"तेव्हा मग किती वेळ फिरलीस कल्याणवर?" मी विचारलं.

"मोजलं नाही. पण शेवटी त्यांनी आत घेतलं, समुद्रावर काढलं आणि जुहूला उतरवलं. उतरल्यावर थँक्यू म्हटलं तर ते म्हणाले, गुड डे, वेल फ्लोन. ते मी वहीत लिहून ठेवलंय."

नवी मुंबईला दुसरी धावपट्टी होणार आहे. ती झाली की हे आभाळ आणखी दाट होईल आणि आज राहिलेल्या फटी बुजतील. म्हणून भारतीय विमानतळ प्राधिकरण, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि हवाई दल यांना माझी विनंती आहे, की दुसऱ्या धावपट्टीचा आराखडा पक्का होण्याआधी छोट्या विमानांसाठी मुंबईच्या आभाळातून एक वाट आखून नकाशावर छापावी: ठरलेली उंची, ठरलेल्या खुणा, ठरलेली रेडिओ-वारंवारता, दिवसाउजेडी आणि चांगल्या हवेत. जुहूच्या हेलिकॉप्टरांना ठरलेल्या वाटा आहेत, मग विमानांनाही देता येतील. उलवे, जासई, गव्हाण, पनवेल इथल्या मुलांना या विमानतळाने घरावरचं आभाळ दिलं, तर त्यात शिकायची एक जागाही त्यांना मिळाली पाहिजे. आणि तुमच्या घरात एखादी मुलगी विमान शिकायचं म्हणत असेल, तर तिला धुळ्याला पाठवा. परवान्याची वाट सध्या तिथून जाते.